८२ च्या स्पीडचा गुरू

स्वतःच्या हातात कधी वेग नव्हता, पण ज्यांच्या हातात होता त्यांचे हात त्याने सांभाळले. बेसबॉलमधला एक साधासा पिचर टॉम हाउस कोच म्हणून एवढा मोठा कसा झाला, आणि उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी त्याचा काय संबंध, त्याची ही गोष्ट.

तारीख ८ एप्रिल १९७४. अटलांटाचं स्टेडियम खचाखच भरलंय. अटलांटा ब्रेव्हजचा हँक ॲरन बॅट घेऊन उभा आहे. बेब रूथचा ७१४ होम रन्सचा विक्रम म्हणजे अमेरिकेने जवळजवळ देवघरात ठेवलेली गोष्ट. ॲरनने त्याची बरोबरी केलीय. एक कृष्णवर्णीय खेळाडू हा विक्रम मोडणार हे ज्यांना सहन होत नव्हतं, त्यांनी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्यात. चौथी इनिंग. लॉस एंजेलिस डॉजर्सचा अल डाउनिंग बॉल टाकतो, ॲरन बॅट फिरवतो आणि... गेला! डॉजर्सचा फिल्डर बिल बकनर कुंपणावर चढतो, पण बॉल त्याच्याही पलीकडे.

पलीकडे ब्रेव्हजचं बुलपेन, म्हणजे राखीव पिचर्स वॉर्म-अप करतात ती जागा. तिथे उभा असलेला एक डावखुरा पिचर तो बॉल कॅच करतो आणि तसाच धावत सुटतो, थेट होम प्लेटपर्यंत. ॲरन आईच्या मिठीत आहे. गर्दीतून वाट काढत हा पठ्ठ्या बॉल त्याच्या हातात नेऊन देतो.

सत्ताविसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे बाकी असलेल्या त्या पिचरचं नाव टॉम हाउस. बेसबॉल पाहणाऱ्या सामान्य अमेरिकन माणसाला तो कितीतरी वर्षं एवढ्यासाठीच माहीत होता. म्हणजे बघा, खेळाडू म्हणून सगळ्यात गाजलेला क्षण कुठला, तर दुसऱ्याने मारलेला बॉल पकडल्याचा! सचिनच्या सिक्सरचा बॉल बाराव्या खेळाडूने सीमारेषेबाहेर झेलावा, आणि लोकांनी त्याला जन्मभर तेवढंच विचारावं, तसं.

बेसबॉलची बाराखडी

* पिचर म्हणजे आपला बोलर. पण रन-अप नाही, टप्पा नाही. एका छोट्या उंचवट्यावरून साडेसाठ फुटांवरच्या बॅटरकडे बॉल सरळ फेकायचा.
* बॉल साधारण १४५ ग्रॅमचा, क्रिकेटच्या बॉलपेक्षा थोडा हलका. ताशी ९० मैलांनी फेकला की बॅटरकडे विचार करायला अर्धा सेकंदही नसतो.
* तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. याला म्हणायचं स्ट्राइकआउट.
* स्ट्राइक झोनच्या बाहेर चार बॉल टाकले की बॅटरला पहिला बेस फुकट. हा झाला वॉक.
* अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट मारू दिला नाही, तर तो नो-हिटर. पिचरच्या आयुष्यात एकदा आला तरी खूप.

दुखणं स्पीडचं

टॉम वाईट पिचर होता का? अजिबात नाही. १९७१ ते १९७८ तो मेजर लीगमध्ये टिकला. आधी ब्रेव्हज, मग बॉस्टन रेड सॉक्स, मग सिएटल मरिनर्स. त्याच्या नावावर २९ विजय आणि २३ पराभव आहेत. १९७४ चा सीझन तर एकदम सही गेला. त्या वर्षी त्याची ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या रनांची सरासरी, १.९३ होती. दोनच्या खाली म्हणजे फर्स्ट क्लासच! पण संपूर्ण करिअरची ईआरए ३.७९. आपल्या भाषेत सांगायचं तर अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. ना स्टार, ना फेल.

खरं दुखणं होतं स्पीडचं. त्याच्याच म्हणण्यानुसार, काय वाट्टेल ते केलं तरी त्याचा फास्टबॉल ताशी ८२ मैलांच्या, म्हणजे १३२ किलोमीटरच्या पुढे सरकत नव्हता. आणि त्याच १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात नोलन रायन नावाच्या पिचरचा बॉल ताशी १००.९ मैलांचा मोजला गेला. १६२ किलोमीटर! गंमत म्हणजे दोघं एकाच वयाचे. रायनचा जन्म जानेवारी १९४७ चा, टॉमचा एप्रिलचा. देवाने दोघांनाही एकेक हात दिला; एकात शंभर घातले, दुसऱ्यात ब्याऐंशी.

मग माणूस काय करतो? शॉर्टकट शोधतो. टॉमनेही शोधला. २००५ मध्ये बेसबॉलमधल्या स्टेरॉइड्सवरून अमेरिकेत रान पेटलेलं असताना त्याने उघडपणे सांगितलं, की आपल्या खेळण्याच्या दिवसांत आपणही ती घेऊन पाहिली होती, आणि घेणारे आपण एकटे नव्हतो. वजन तीसेक पौंडांनी वाढलं. स्पीड मात्र होता तिथेच! पुढे गुडघ्यांनी त्रास दिला त्याचं कारणही त्याने हेच सांगितलं. तेव्हा सगळ्यांचा सूर 'आमच्या वेळी असं नव्हतं हो' असा होता. अशा वेळी एका जुन्या खेळाडूने 'आमच्या वेळीही होतं' म्हणायला छाती लागते.

१९७८ ला खेळणं संपलं, वय अवघं ३१. पण ८२ आणि १०० यांच्यामधले ते अठरा मैल त्याच्या डोक्यातून गेले नसावेत. कारण पुढची अनेक दशकं तो एकाच प्रश्नाच्या मागे लागलेला दिसतो. रायनसारखे हात नेमकं काय करतात, आणि ते दुसऱ्याला शिकवता येतं का?

'असंच... केलं!'

इथे एक छोटंसं विषयांतर. माझी एक मैत्रीण हिंजवडीला आयटीत आहे. कोडिंगमध्ये एकदम किडा. गेल्या वर्षी तिला टीम लीड केलं आणि तीन महिन्यांत टीममधली दोन पोरं सोडून गेली. कॉफी पिताना वैतागून म्हणाली, "अगं, मला जे पटकन दिसतं ना, ते दुसऱ्याला सांगताच येत नाही. ती विचारतात, 'कसं केलं?' आणि मी म्हणते, 'असंच... केलं!'"

खेळात तर हे पदोपदी दिसतं. ज्याला सगळं आपसूक येतं, त्याला ते कसं येतं याचा विचार करायची वेळच येत नाही. ज्याला एकेक इंच झगडून मिळवावा लागतो, त्याला पायऱ्या तोंडपाठ असतात. आपले आचरेकर सर फर्स्ट क्लास क्रिकेटची एकच मॅच खेळले होते. शिवाजी पार्कवर त्यांनी पुढे काय घडवलं ते मी सांगायला नको. टॉम हाउस त्याच जातकुळीतला.

फरक एवढाच की टॉमने पुस्तकांचीही वाट धरली. यूएससी, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाची पदवी, शिवाय एमबीए आणि वर सायकॉलॉजीत पीएचडी! १९८९ मध्ये त्याने 'द जॉक्स इच' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा झोंबणारा होता. व्यावसायिक खेळाडूला लहानपणापासून इतकं जपलं जातं की तो मोठा होतच नाही. आणि मग एक दिवस खेळ संपतो, तेव्हा बाहेरच्या जगात कसं वागायचं हेच त्याला माहीत नसतं. स्वतः त्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या माणसाने हे लिहिणं म्हणजे घरचा आहेरच!

फुटबॉल, टॉवेल आणि ब्रेक

१९८५ मध्ये टॉम टेक्सास रेंजर्सचा पिचिंग कोच झाला आणि लोकांची करमणूक सुरू झाली. कारण रेंजर्सचे पिचर्स प्रॅक्टिसला चक्क अमेरिकन फुटबॉल फेकायला लागले! तो लंबगोल, हातात न मावणारा फुटबॉल. बेसबॉलवाल्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय.

पण फंडा साधा होता. फुटबॉल चुकीच्या पद्धतीने फेकला की हवेत डुगडुगतो. बरोबर फेकला तर स्वतःभोवती फिरत, भोवऱ्यासारखा सरळ जातो. म्हणजे बॉलच तुमचा कोच. शेजारी उभं राहून कोणी ओरडायची गरज नाही. हाताने घोळ केला की लगेच दिसतो. शिवाय तो जड असल्याने हाताला व्यायाम होतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट टॉवेल. पिचरच्या हातात बॉलऐवजी छोटा टॉवेल द्यायचा आणि समोर धरलेल्या वस्तूवर तो फटकन मारायला सांगायचा. पूर्ण ॲक्शन होते, पण बॉल सुटण्याच्या क्षणाचा ताण कमी. ही 'टॉवेल ड्रिल' पुढे टॉमच्या नावाशी जोडली गेली.

तिसरी गोष्ट कॅमेरा. पिचरचा खांदा बॉल सोडताना सेकंदाला जवळपास ७ हजार अंशांच्या वेगाने फिरतो. मानवी शरीराच्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. माणसाच्या डोळ्याला तिथे काय डोंबल दिसणार? तरीही कोच मंडळी पिढ्यानपिढ्या 'कोपर असं ठेव, पाय तसा टाक' हे नुसतं बघून सांगत होती. टॉमने हाय-स्पीड व्हिडिओ आणि कॉम्प्युटर आणले, नामवंत पिचर्सच्या हालचाली मोजल्या. जे शिकवलं जातं आणि जे प्रत्यक्षात होतं, त्यात अंतर निघालं. त्यात त्याची स्वतःची काही शिकवणही आली. ती त्याने बदलली.

या सगळ्यातून आलेलं त्याचं एक सूत्र मला फार आवडतं. हात जितका वेग घेऊ शकतो, तो बॉल सोडल्यावर तितकाच थांबवताही यायला हवा. बाइक शंभरने पळवायची तर ब्रेकही शंभरचे हवेत ना? खांद्यामागचे छोटे स्नायू म्हणजे हे ब्रेक. बहुतेक पिचर्स इंजिन वाढवत बसतात, ब्रेककडे बघत नाहीत, आणि मग खांदा निकामी होतो.

सगळं लगेच जमलं असं नाही. रेंजर्सची तरुण पोरं फास्ट होती, पण बॉल कुठे जाईल याचा नेम नसायचा. बॉबी विट नावाच्या नवख्या पिचरने १९८६ मध्ये १४३ वॉक दिले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टीकाकारांना आयतं कोलीतच मिळालं: घ्या, फुटबॉल फेका अजून!

शंभरवाला ब्याऐंशीवाल्याकडे

आणि मग १९८९ मध्ये रेंजर्समध्ये कोण यावं? साक्षात नोलन रायन. वय ४२. त्या वयात बहुतेक पिचर्स कॉमेंटरी करतात किंवा गोल्फ खेळतात. रायन मेहनती, व्यायामाचा पक्का. तो या प्रोफेसराला हसला नाही. त्याने फुटबॉल हातात घेतला.

त्या सीझनमध्ये रायनने ३०१ स्ट्राइकआउट घेतले आणि करिअरमधला ५ हजारावा स्ट्राइकआउटही मिळवला. १९९० मध्ये सहावा नो-हिटर. १ मे १९९१ ला, ४४ व्या वर्षी, सातवा! हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. १९९३ मध्ये, ४६ व्या वर्षी तो थांबला.

हे सगळं टॉममुळे झालं असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. रायन टॉमला भेटण्याआधीच रायन होता. पण दोघांची जोडी भन्नाट जमली, कारण एकाकडे हात होता आणि दुसऱ्याकडे त्या हाताची भाषा. १९९१ मध्ये दोघांनी मिळून 'नोलन रायन्स पिचर्स बायबल' हे पुस्तक काढलं. आणि १९९९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश करताना रायनने भाषणात टॉमचे नाव घेऊन आभार मानले. आम्ही एकाच वयाचे, आणि हा माणूस सतत नवीन काहीतरी करून बघायला लावायचा, अशा अर्थाचं तो बोलला.

१९९२ चा किस्सा तर खासच. समोरच्या टीमचा, सिएटल मरिनर्सचा पिचर रँडी जॉन्सन. उंची ६ फूट १० इंच, वेग भयंकर, कंट्रोल शून्य. सलग तीन वर्षं लीगमध्ये सर्वाधिक वॉक देणारा. रायन आणि टॉमने या प्रतिस्पर्ध्याला बाजूला घेऊन सांगितलं: बॉल टाकताना तुझा पुढचा पाय टाचेवर पडतो, त्यामुळे अख्खं शरीर एका बाजूला फिरतं. पाय चवड्यावर टाक. बस, एवढंच! पुढच्या वर्षी जॉन्सनचे वॉक १४४ वरून ९९ वर आले आणि स्ट्राइकआउट ३०८ झाले. २०१५ मध्ये तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला. शत्रूच्या गोटातल्या माणसाला कुणी असा सल्ला देतं का? टॉमने दिला. त्याला बहुधा मॅचपेक्षा कोडं सुटण्यात जास्त रस होता.

पुढे चक्र उलटं फिरलं. ज्याने बेसबॉलवाल्यांना फुटबॉल फेकायला लावला, त्याच्याकडे फुटबॉलवालेच शिकायला यायला लागले. ड्रू ब्रीज सॅन डिएगोत असतानाच टॉमकडे जाऊ लागला होता. २००५ च्या शेवटच्या मॅचमध्ये त्याचा खांदा जबर दुखावला. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच खांद्याच्या जोरावर त्याने न्यू ऑर्लिन्स सेंट्सना सुपर बोल जिंकून दिला. टॉम ब्रेडीसुद्धा पस्तिशीच्या आसपास टॉमकडे आला आणि ४५ व्या वर्षापर्यंत खेळला.

सहा महिने, दोन हात

आता आपल्याकडची गोष्ट. 'मिलियन डॉलर आर्म' हा डिस्नेचा २०१४ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. ए. आर. रहमानचं संगीत असलेला. मी तो बऱ्याच उशिरा, एका रविवारी लॅपटॉपवर पाहिला. त्यात बिल पॅक्स्टनने रंगवलेला शांत, प्रयोगशाळेतून आल्यासारखा वाटणारा कोच म्हणजे आपला टॉम हाउस. हा लेख मुळात तिथूनच सुरू झाला.

खरी गोष्ट अशी. जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकन स्पोर्ट्स एजंटने २००७-०८ मध्ये भारतात एक टॅलेंट हंट केला. जो सगळ्यात फास्ट आणि अचूक बॉल फेकेल त्याला एक लाख डॉलर. जिंकला रिंकू सिंह, भदोही जिल्ह्यातल्या एका ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. त्याच्यासोबत निवडला गेला वाराणसीचा दिनेश पटेल. दोघंही भालाफेक करणारे. बेसबॉल म्हणजे काय हे स्पर्धेआधी दोघांना ठाऊक नव्हतं.

मे २००८ मध्ये दोघं लॉस एंजेलिसला, यूएससीच्या मैदानावर टॉमसमोर उभे राहिले. इंग्रजी जेमतेम. हातात ग्लव्ह घालून बॉल झेलायचीही सवय नाही. जमेची बाजू एकच: भाला फेकून तयार झालेले खांदे. टॉमच्या सगळ्या थिअरीची याहून कडक परीक्षा कुठली असणार? अमेरिकन पोरगा सहाव्या वर्षापासून जे शिकतो, ते इथे विशीतल्या मुलांना सहा महिन्यांत शिकवायचं होतं.

नोव्हेंबरमध्ये मेजर लीगच्या स्काउट्ससमोर ट्रायल झाली आणि २४ नोव्हेंबर २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल टीमशी करार करणारे हे पहिले भारतीय. जुलै २००९ मध्ये रिंकूच्या नावावर विजयही लागला. तिथल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर.

सिनेमा इथे संपतो. आयुष्य संपत नाही. दिनेशला २०१० च्या अखेरीस पायरेट्सने सोडलं, तो भारतात परतला. रिंकू खालच्या लीगमध्ये पायरी पायरी चढत राहिला. मग दुखापतींनी गाठलं आणि सीझनमागून सीझन वाया गेले. मेजर लीगचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत गेला आणि पुढे 'वीर महान' या नावाने कुस्तीच्या रिंगणात उतरला.

मग टॉम फेल झाला का? मला नाही वाटत. विज्ञान तुम्हाला दारापर्यंत नेतं, लवकर नेतं. आत जाण्यासाठी लागतात त्या वर्षानुवर्षांच्या मॅचेस, हजारो चुका आणि शाबूत राहिलेलं शरीर. ते कुठल्याही कोचला उसनं देता येत नाही. खुद्द टॉमला तरी कुठे ते अठरा मैल मिळाले? पण त्या अठरा मैलांचा हिशेब लावता लावता त्याने इतरांच्या हातांना काही वर्षं जास्त दिली. फास्टबॉलमध्ये जमलं नाही ते त्याने असं भरून काढलं.

तेव्हा पुढच्या अप्रेझलला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' मिळालं, तर लगेच रेझ्युमे अपडेट करायला बसू नका. आधी तुमच्या टीममधला नोलन रायन शोधा. त्याच्या शेजारी बसा, तो काय करतो ते नीट बघा. त्याला ते सांगता येत नसेल. तुम्हाला येईल कदाचित.